अर्ध्या तासाने भरणारी सभा

वार्षिक सभेच्या सूचनापत्राच्या तळाशी एक टीप बहुतेक संस्थांत ठरलेली असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच स्थळी अर्ध्या तासाने भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. अहवाल वाचणे, हिशेब मंजूर करणे यांसाठी ही सवलत क्षम्य आहे. संस्थेचा गाडा अडून राहू नये. परंतु याच सवलतीच्या आधारे जेव्हा घटनादुरुस्ती संमत केली जाते, तेव्हा ती चोरवाट होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या साहित्यसंस्थांचे चित्र पाहा. सभासद शेकड्यांनी, त्यांत आजीव पुष्कळ. कोणी मुलांकडे पुण्या-मुंबईस, कोणी परदेशी, कोणी अंथरुणास खिळलेले. सभेस मूठभर माणसे आणि त्यांत निम्मी कार्यकारिणीचीच. अशा सभेत सूचक-अनुमोदक उभे राहतात आणि पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळाची मर्यादा निघून जाते, नव्या सभासदाचा मताधिकार लांबतो, वास्तूविषयीचे अधिकार विश्वस्तांच्या हाती एकवटतात. इतिवृत्तात मात्र नोंद होते : ‘सर्वानुमते मंजूर’. हे ‘सर्व’ कोण?

गुजरातेतील आपल्या संस्थांना १८६० चा संस्था नोंदणी कायदा लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार संस्थेचा उद्देश बदलावयाचा तर लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाकडे सभेपूर्वी दहा दिवस पोहोचवावा लागतो. सभासदांची तीन-पंचमांश मते, प्रत्यक्ष वा प्रतिनिधीमार्फत, मिळवावी लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करून घ्यावा लागतो. हा महिन्याचा अवधी शांतपणे फेरविचार करण्यासाठी आहे. पण हे संरक्षण उद्देशापुरते आहे; नियमावली कशी बदलावी हे ज्याच्या त्याच्या घटनेवर सोपवलेले आहे. परिणामी, संस्थेचा उद्देश बदलण्यास दोन सभा लागतात. तो उद्देश कोणाच्या हाती राहावा, हे बदलण्यास मात्र अर्धा तास पुरतो.

देशाच्या राज्यघटनेचे कलम ३६८ याबाबतीत बोलके आहे. दुरुस्तीसाठी उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत तर हवेच, शिवाय प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचेही बहुमत हवे. ही दुसरी अट रिकाम्या बाकांच्या साक्षीने घटना बदलली जाऊ नये, याची हमी आहे. आपल्या संस्थांच्या घटनांत नेमकी हीच अट शोधूनही सापडत नाही.

यावर पदाधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले : ‘लोक येतच नाहीत, मग संस्था गोठवून ठेवायची काय?’ प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष नव्हे. गैरहजेरी म्हणजे संमती नव्हे. वर्गणीच्या स्मरणपत्रासाठी ज्यांचे पत्ते सापडतात, त्यांना दुरुस्तीचा मसुदा पाठवताना तेच पत्ते हरवावेत, याचे नवल वाटते. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने २०१८ मध्ये घटना बदलून संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद केली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची सन्मानाने निवड झाली. तो बदल कोणास रुचला, कोणास नाही. पण त्या प्रश्नावर मराठी वाचकांत उघडपणे वाद झाला. विरोध करणाऱ्यालाही आपण कशाला विरोध करतो आहोत, हे ठाऊक होते. आपल्या सभासदांना निदान तेवढे तरी ठाऊक असावे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तहकूब सभेची सवलत घटनादुरुस्तीस लागू नाही, असे एक वाक्य प्रत्येक संस्थेने आपल्या घटनेत घालावे. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात दुरुस्ती घेऊ नये. जुने कलम व नवे कलम शेजारी शेजारी छापून, कारणांसह, एकवीस दिवस आधी सर्वांस पाठवावे. परगावच्या सभासदास टपालाने मत देता यावे. आणि महिन्याने दुसरी सभा घ्यावी. यास खर्च येईल, विलंबही होईल. पण जी दुरुस्ती महिनाभराचा विचार सोसू शकत नाही, ती संस्थेच्या हिताची असेल, यावर सभासदांनी का विश्वास ठेवावा?

ज्यांनी पदरमोड करून या परमुलखात मराठीची दालने उभी केली, त्यांनी घटना लिहिल्या त्या पुढील पिढ्यांवर विश्वास ठेवून. येत्या वार्षिक सभेचे सूचनापत्र हाती येईल, तेव्हा ती तळाची टीप प्रत्येकाने वाचावी आणि दुरुस्तीचा विषय असेल, तर पहिल्याच वेळेला हजर राहावे.