भिंत निर्धोक आहे, भिंगाचं काय?

‘मुलांच्या डोळ्यांना टीव्हीपेक्षा प्रोजेक्टर चांगला, कारण उजेड थेट डोळ्यांत येत नाही, भिंतीवरून परावर्तित होऊन येतो.’ दुकानदार हे सांगतात, जाहिराती सांगतात आणि आता आईबापही एकमेकांना सांगू लागले आहेत. यातला खरा भाग आधी मान्य करतो. शंभर इंची चित्र पाहायला मूल आठ-दहा फूट लांब बसतं, आणि भिंतीवरचं चित्र टीव्हीच्या मानाने मंद असतं. नाकाशी धरलेल्या मोबाइलपेक्षा हे केव्हाही बरं. पण त्याचं श्रेय अंतराचं आणि मंदपणाचं आहे, परावर्तनाचं नव्हे. भिंतीवरून आला म्हणून निळा उजेड निळा राहायचा थांबत नाही. वेळेच्या बाबतीत तर भिंत काहीच सवलत देत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं; त्यात भिंतीवरचं कार्टूनही आलंच.

माझं खरं भांडण पुढे आहे. या दाव्यात सगळं लक्ष भिंतीकडे जातं आणि खोलीतल्या भिंगाचा विसर पडतो.

आमच्याच घरातला प्रसंग. प्रोजेक्टर टीपॉयवर, खाली दोन जाड पुस्तकं, दिवे घालवलेले. पाच वर्षांचा भाचा झोतात हात घालून भिंतीवर हरणाची सावली पाडत होता. आम्ही सगळे कौतुकाने भिंतीकडे पाहत होतो. सावली कुठून येते ते बघायला तो वळला आणि भिंगापासून वीतभर अंतरावर डोळा नेऊन उभा राहिला. त्याच्या आईने झडप घालून त्याला बाजूला ओढलं, म्हणून निभावलं.

कंपनीचं यावर उत्तर असतं की यंत्र प्रमाणित आहे. असेल. पण बऱ्याच प्रोजेक्टरवर ‘आरजी-२’ (म्हणजे ‘रिस्क ग्रुप २’, धोक्याचा दुसरा गट) हे चिन्ह असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘झोताकडे टक लावून पाहू नका’ अशी सूचना असते. या गटाचा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: प्रखर उजेड पडताच माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो. कुतूहलाने मुद्दाम पाहणारं मूल या गृहीतात बसत नाही. शिवाय उजेडात दोन-तीन मिलिमीटर असणारी बाहुली अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत पसरते, म्हणजे दार सताड उघडं. भिंतीला खेटून ठेवायची जवळच्या झोताची यंत्रं तर मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर बसतात आणि झोत वर फेकतात. जवळ कोणी आलं की उजेड मंद करणारा सेन्सर त्यांतल्या अनेकांत असतो. तो आहे का आणि चालू आहे का, हे घेतानाच पाहावं.

दुसऱ्या टोकाला ‘लेझर म्हणजे मूल आंधळंच होणार’ म्हणणारे आहेत. तेही पटत नाही. अनेक घरगुती यंत्रांत निळं लेझर फॉस्फरच्या चकतीवर पडतं आणि बाहेर येतो तो पसरत जाणारा झोत. चार पावलं लांब गेलं की त्याची धार झपाट्याने कमी होते.

प्रोजेक्टरचा धोका पडद्यात कधीच नव्हता, यंत्रात होता. १८९७ मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्रातल्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशे माणसं गेली. आज ईथर नाही, पण उष्णता आहेच. गादीवर ठेवलेल्या यंत्राची हवा कोंडते. स्वस्त यंत्रांत आणखी एक चोरवाट असते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या घुसखोरीबद्दल इशारा दिला, त्यात डिजिटल प्रोजेक्टरांचाही समावेश होता. काही यंत्रं विकत घेण्याआधीच बाधित झालेली होती, आणि ती घरच्या वायफायमध्ये शिरतात.

एवढं असूनही प्रोजेक्टर घरात असावा, असंच माझं मत आहे. चार माणसं एका भिंतीसमोर बसून एक सिनेमा पाहतात, हे सुख मोलाचं आहे. फक्त यंत्र छताला टांगा, नाहीतर मोठ्यांच्या डोक्यापेक्षा उंच फळीवर घट्ट बसवा. सावल्यांचा खेळ हवा असेल तर साधा टेबललॅम्प काढा. आणि आज प्रोजेक्टर बंद असताना जमिनीवर, मुलाच्या उंचीला बसून पाहा. तिथून भिंग दिसत असेल, तर लावण्याआधी त्याची जागा बदला.