डेकेअरचा नकार लेखी मागा

विशेष गरजा असलेल्या मुलाला डेकेअरने प्रवेश नाकारला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत काय होतं ते ठरलेलं आहे. आजीचं तिकीट निघतं. व्हिजिटर व्हिसावर काही महिने भागतात, आणि आजी परत गेली की आई नोकरी सोडते. डेकेअरला मात्र कुणी जाब विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण इथला कायदा आपल्या बाजूने आहे.

अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट १९९० साली झाला. खाजगी डेकेअरना तो जानेवारी १९९२ पासून लागू आहे. धार्मिक संस्था स्वतः चालवतात ती डेकेअर यातून वगळली आहेत. बाकी देशभर शाखा असलेली कंपनी असो की कुणाच्या घरातलं चार मुलांचं पाळणाघर, दोघांनाही नियम तोच. केवळ अपंगत्वामुळे मुलाला नाकारता येत नाही. विमा महागेल ही सबब चालत नाही, आणि सोयींचा जादा खर्च त्या एकाच कुटुंबाच्या माथी मारता येत नाही.

आमच्या ओळखीतल्या चार वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तीनच्या पुढच्या वर्गात डायपर चालत नाही, असं सांगून तिला नाकारलं. त्याच इमारतीत दोन दारं सोडून लहानग्यांची खोली होती. तिथे डायपर बदलायचं टेबल होतं, हातमोज्यांचा खोका होता, रोज हेच काम करणाऱ्या बाया होत्या. जे डेकेअर लहानांचे डायपर बदलतं, त्याने अपंगत्वामुळे गरज असलेल्या मोठ्या मुलाचेही बदलावेत, फक्त बाकीची मुलं एकटी पडू नयेत, असं केंद्रीय न्याय खात्याने स्पष्ट केलं आहे. आईवडिलांना हे कुणी सांगितलंच नव्हतं!

किंडरकेअरसारख्या मोठ्या डेकेअर कंपनीनेही १९९६ मध्ये न्याय खात्याशी तडजोड करून मधुमेही मुलांच्या बोटातून रक्त घेऊन साखर तपासायचं मान्य केलं. पालक अडून बसले म्हणून ते झालं.

हक्काला मर्यादा आहेत. व्यवसायाचं मूळ स्वरूपच बदलणार असेल, खर्च खरोखर झेपणार नसेल किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर नकार देता येतो. पण ते निदानाचं नाव ऐकून ठरवायचं नाही, त्या मुलाला भेटून ठरवायचं. म्हणून नकार कारणासह लेखी मागा. थेरपिस्टचं पत्र जोडा, काय मदत लागते ते नेमकं लिहा. तरीही दाद लागली नाही तर न्याय खात्याकडे तक्रार करा. त्याला फी नाही. ‘आपण व्हिसावरची माणसं, कशाला भानगड’ ही भीती मला समजते, पण हा कायदा कुणाचं नागरिकत्व विचारत नाही.

आता आपल्या घरातलं. मराठी मंडळातल्या कितीतरी काकू-मावश्या घरी डेकेअर चालवतात आणि ‘आम्हाला जमणार नाही हो’ म्हणून फोन ठेवतात. हा नकार मला जास्त लागतो, कारण वरणभात भरवत मराठीत बोलणारं माणूस त्या मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार? छोट्या व्यवसायाने अशा सोयींवर केलेल्या खर्चापोटी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत करात सवलतही मिळू शकते. आपल्या सीपीएला विचारा.

मंडळाच्या अंकात डेकेअरच्या जाहिराती येतात. पुढच्या वेळी जाहिरात घेताना संपादकांनी एवढं विचारावं: विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पालकांचा फोन आला, तर नाही म्हणण्याआधी तुम्ही त्या मुलाला भेटता का? उत्तर जाहिरातीतच छापावं.