लाल ठिपक्यांचा पंचनामा

वणव्यांच्या नकाशांवर बोलताना परवा एका अभ्यासकांनी निकालच देऊन टाकला. उपग्रह लाल ठिपके दाखवतो, ठिपका ज्या गावाचा ते गाव दोषी, गावाला दंड करा, धुरकट हवा आपोआप निवळेल. साक्ष, सुनावणी, शिक्षा सगळे एका पडद्यावर. न्यायालयांनी शिकावे!

या साक्षीदाराची उलटतपासणी कुणी घेतली का? व्हिअर्स संवेदकाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, साधारण १४ हेक्टर. मोडिसचा तर एक किलोमीटरचा. आग कुठल्याही कोपऱ्यात असो, ठिपका पडतो चौकोनाच्या मधोमध. तो मध्य कुणाच्या हद्दीत येईल, हे ज्याचे त्याचे नशीब. व्हिअर्सचा उपग्रह फिरकतो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. सायंकाळी पेटून दहाला विझलेला वणवा त्याच्या लेखी लागलाच नाही. कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीत जा. कावेरीचा त्रिभुज प्रदेश, चहूकडे भातखाचरे, जंगल औषधालाही नाही. तिथे कुणी भाताची धसकटे पेटवली, तरी ठिपका तसाच लाल. गडचिरोलीत मार्च-एप्रिलात मोहाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात, कारण पहाटे गळलेली फुले मोकळ्या जमिनीवर पटापट वेचता येतात. ही आग हाताबाहेर गेली तर वणवा, नाही तर चार हात राख. हा फरक ठिपक्याला कळत नाही आणि आमच्या अभ्यासकांना कळून घ्यायचा नाही.  

अभ्यासकांनी दिलेला इंडोनेशियाचा दाखला तर त्यांच्याच अंगाशी येतो. २०१५ मध्ये तिथे सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, सिंगापूरपर्यंत धूर गेला. पण मळ्यांसाठी चर खणून कोरडी पाडलेली दलदलीची जमीन आतल्या आत धुमसते. तिथे ज्वाळा थोड्या, धूर अफाट, ठिपके अपुरे. ते चर कुणी खणले, हे ठिपका कसे सांगणार?

राहिला दंड. जंगलात आग लावायला १९२७च्या वन कायद्याने बंदी आहेच. वणवे थांबले?

नकाशा हवाच, पण जळालेल्या जमिनीचा. सेंटिनेल-२ उपग्रहांची २०१५पासूनची चित्रे दहा-वीस मीटरपर्यंत बारकावा दाखवतात. वर्षावर्षाचे काळे डाग एकावर एक ठेवा, पुन्हापुन्हा जळणारा उतार शोधा आणि तो का जळतो, हे ग्रामसभेत विचारा. पुढल्या उन्हाळ्याआधी जाळरेषा कुठे काढायची, एवढे तरी त्यातून ठरेल.