दोन भाषांतील गणित

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. घराजवळच्या सरकारी शाळेत स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन माध्यमांतून शिकविणारा वर्ग आहे. नातवाला तेथे घालावे काय? घरात गुजराती, मारवाडी किंवा मराठी, दारी इंग्रजी, त्यात आता स्पॅनिश. आजोबांची शंका अधिक व्यवहारी असते. भाषा येतील हो, पण गणित आणि विज्ञान कच्चे राहिले तर?

शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर शोधण्यापूर्वी अशा शाळेत नेमके काय चालते, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे दुसरी-तिसरी भाषा हा वेळापत्रकातील एक तास असतो. तेथे स्पॅनिश हा तास नसतो. बेरीज-वजाबाकी, वनस्पतींचे भाग, नकाशावाचन हेच स्पॅनिशमधून शिकविले जाते. महाराष्ट्रातील सेमी-इंग्रजीशी याचे थोडे साम्य आहे, कारण तेथेही गणित आणि विज्ञान दुसऱ्या भाषेतून येते. पण एक मोठा फरक आहे. द्वैभाषिक वर्गात साधारण निम्मी मुले स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील व निम्मी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील असावीत, किमान कोणताही गट एक तृतीयांशाहून लहान नसावा, असा दंडक पाळण्याचा प्रयत्न असतो. सकाळी जो मुलगा अडखळतो, तोच दुपारी शेजाऱ्याला शब्द सांगतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गात घरी इंग्रजी बोलणारा सोबती सहसा नसतोच.

या प्रयोगाची आधुनिक सुरुवात फ्लोरिडातील मायामी येथे झाली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून हजारो कुटुंबे तेथे आली. त्यांत डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक असे सुशिक्षित लोक पुष्कळ होते. आपण लवकरच मायदेशी परतणार, अशी त्यांची समजूत असल्याने मुलांची स्पॅनिश टिकणे त्यांना अगत्याचे वाटे. १९६३ च्या सप्टेंबरात कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेत फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने पहिली ते तिसरीचे द्वैभाषिक वर्ग सुरू झाले. मूल अर्धा दिवस आपल्या भाषेतून नवा पाठ शिके आणि उरलेला अर्धा दिवस तोच पाठ दुसऱ्या भाषेतून पक्का करी. जेवण, संगीत, चित्रकला आणि खेळ यांसाठी दोन्ही गट एकत्र येत. निर्वासित क्यूबन शिक्षकांना येथे पुन्हा वर्गावर उभे राहता आले, हाही एक लाभच. ती कुटुंबे बहुतांशी परत गेली नाहीत, शाळा मात्र आजही चालू आहे.

आता अभ्यासाच्या अंतरंगाकडे वळू. दिवसाच्या वाटणीच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत पहिल्या दिवसापासून अर्धे-अर्धे. दुसरीत बालवर्गात नव्वद टक्के स्पॅनिश आणि दहा टक्के इंग्रजी, मग दरवर्षी इंग्रजीचा वाटा वाढत चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही समसमान. ऐकताना हा दुसरा प्रकार धाडसी वाटतो, पण त्यामागे विचार आहे. इंग्रजी घराबाहेर सर्वत्र आहे. स्पॅनिशला शाळेने आधार दिला नाही तर ती उभी राहत नाही. शिवाय वाचनाची सुरुवात स्पॅनिशमधून सोपी जाते. स्पॅनिशचे स्वर पाच, आणि लिहिल्याप्रमाणे उच्चार. मुले ‘मा, मे, मी, मो, मू’ अशी अक्षरांची साखळी म्हणत शिकतात. आपल्या बाराखडीवर वाढलेल्या आजीला हा वर्ग परका वाटणार नाही. एकदा अक्षर आणि ध्वनी यांचे नाते मुलाला उमगले की इंग्रजीच्या विक्षिप्त स्पेलिंगकडे ते अधिक तयारीने जाते. वाचणे ही क्रिया माणूस एकदाच शिकतो.

संज्ञांच्या बाबतीत तर स्पॅनिश उदार आहे. ‘त्रिआंगुलो’, ‘फ्रॅक्सिओन’, ‘एनेर्हिया’ हे शब्द कळलेल्या मुलाला त्यांची इंग्रजी रूपे जवळजवळ फुकट मिळतात. मात्र फसवी साम्येही आहेत. माझ्यासारख्या आकडेमोडीत हयात गेलेल्या माणसाला त्यातील एक विशेष भावले. इंग्रजीतील ‘बिलियन’ म्हणजे आपले शंभर कोटी, तर स्पॅनिशमधील ‘बिल्योन’ म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, अर्थात एक लाख कोटी. शब्द एक, फरक हजार पटींचा! हे पाचवीतच ठाऊक झालेले मूल पुढे मेक्सिकोशी वा स्पेनशी व्यापार करील तेव्हा कराराचा कागद नीट वाचील.

पालकांचे धैर्य सुटते ते तिसरीच्या सुमारास. नव्वद-दहा पद्धतीत इंग्रजी वाचनाचे रीतसर धडे बहुधा दुसरी-तिसरीत सुरू होतात, आणि नेमक्या तिसरीपासून सरकारी चाचण्या लागतात, त्याही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. साहजिकच शेजारच्या एकभाषिक शाळेतील मुलापेक्षा आपल्या मुलाचे गुण कमी दिसतात. घरात कुजबुज सुरू होते आणि नाव काढले जाते. पाच वर्षांची मुदत ठेव दुसऱ्याच वर्षी मोडायला आलेले ग्राहक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांची निकड खरी असे, पण हातात येणारी रक्कमही तेवढीच खरी असे. टोरांटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे की खेळाच्या मैदानावरील बोलणे सुमारे दोन वर्षांत येते, परंतु पुस्तकातील, परीक्षेतील भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तिसरीतील गुणपत्रिका हा अर्ध्या वर्षाचा ताळेबंद आहे. त्यावरून नफा-तोटा काढू नये.

पण मुदत पूर्ण झाल्यावर पदरात काय पडते? वेन थॉमस आणि व्हर्जिनिया कॉलियर या संशोधकांनी अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून या शाळांच्या बाजूने निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेप असा की जागरूक पालकच असा वर्ग निवडतात, मग श्रेय शाळेचे की घराचे? हिशेब तपासणारा कोणीही हेच विचारील. याचे समाधानकारक उत्तर ओरेगन राज्यातील पोर्टलंडहून मिळाले. तेथे जागा कमी आणि अर्ज अधिक असल्याने प्रवेश सोडतीने होत. २००४ ते २०१० या काळात अर्ज केलेल्या १,६२५ मुलांपैकी सोडतीत नाव आलेली आणि न आलेली, अशी तुलना झाली; पालकांची इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. नाव आलेली मुले इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात ना लाभ, ना हानी. (त्या शहरात स्पॅनिशखेरीज जपानी, चिनी आणि रशियन वर्गही होते, हे नमूद केले पाहिजे.) म्हणजे आजोबांच्या शंकेचे उत्तर असे की गणित बुडत नाही, मात्र द्वैभाषिक वर्गामुळे ते तेजही होत नाही. कोणी तसे सांगून जाहिरात करीत असेल तर सावध असावे.

लोकमताची लाट याबाबत दोन्ही दिशांनी वाहिली आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ साली द्वैभाषिक शिक्षणावर कडक मर्यादा घातल्या आणि २०१६ साली ७३ टक्क्यांहून अधिक मतांनी त्या उठविल्या.

एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. स्टॅनफर्डच्या ग्वादालूपे वाल्देस यांनी १९९७ सालीच इशारा दिला होता. इंग्रजी घरांतील मुलांना समजावे म्हणून वर्गातील स्पॅनिश सोपी, पातळ केली गेली तर ज्यांची ती मातृभाषा आहे त्या गरीब मुलांचेच नुकसान होते. शिवाय इंग्रजी घरातील मूल स्पॅनिशची चार वाक्ये बोलले की कौतुक होते. मेक्सिकन मजुराचे मूल उत्तम इंग्रजी बोलले तर ते गृहीत धरले जाते. सुस्थितीतील पालकांनी या जागा भरून टाकल्या तर ज्यांच्यासाठी वर्ग निघाला तेच बाहेर राहतील. आपली मुलेही तेथे सुस्थितीतीलच गणली जातात, याची जाणीव असू द्यावी.

आपल्या घरांची गोष्ट आणखी एका कारणाने निराळी आहे. इंग्रजीचा सांभाळ देश करतो, स्पॅनिशचा शाळा करील. गुजराती-मराठीला मात्र घराशिवाय कोणी वाली नाही. म्हणून प्रवेश घेताना शाळेला जसे विचारायचे, तसे स्वतःलाही विचारावे. शाळेला विचारावे: चौथीत स्पॅनिशचे प्रत्यक्ष तास किती? गणित कोणत्या भाषेत, आणि दरवर्षी तेच की बदलते? स्पॅनिश वाचनाची प्रगती मोजली जाते काय? शिक्षक टिकतात काय? आणि स्वतःला विचारावे की रात्री झोपताना गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली जाते. स्पॅनिशच्या गृहपाठाला मदत करता येत नाही म्हणून संकोचू नये. शाळेलाही पालकांकडून स्पॅनिशची अपेक्षा नसते. आपल्या भाषेत ‘आज काय शिकलास, समजावून सांग’ एवढे म्हटले तरी मूल तो पाठ तिसऱ्यांदा उजळते.

हा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. पहिलीनंतर, मुलास स्पॅनिश येत असल्याखेरीज, बहुतेक शाळा नवा प्रवेश देत नाहीत. आणि सोडतीचे अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात.