संदर्भाची शिस्त कशासाठी?

शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार वारंवार कानी येते. महिनोन्‌महिने प्रयोग करावेत, निष्कर्ष काढावेत, आणि अखेरीस निबंध परत यावा तो कशासाठी? तर संदर्भसूचीत वर्ष कंसात घातले नाही, किंवा नियतकालिकाचे नाव तिरप्या टाइपात छापले नाही म्हणून! ही शिस्त म्हणजे निव्वळ कारकुनी होय, असे त्यांस वाटले तर नवल नाही. तथापि या कारकुनीच्या मुळाशी विज्ञानाचे एक मूलभूत तत्त्व आहे, आणि ते शाळेतच शिकविले जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे नियम कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीच्या एका जातीवर निबंध लिहिला. त्यात पूर्वीच्या संशोधकांचा उल्लेख करताना त्यांनी लेखकाचे नाव देऊन प्रकाशनाचे वर्ष कंसात घातले. पुढे ही रीत हार्वर्डच्या नावाने रूढ झाली. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने आपले मुद्रणविषयक नियम १९०६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मानसशास्त्र व मानववंशशास्त्र या विषयांच्या नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र बसून ठरविलेल्या सूचना १९२९ साली छापल्या गेल्या, त्या अवघ्या सात पृष्ठांत. त्याच परंपरेतील २०१९ ची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पृष्ठांची आहे! १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले व त्यांनी संदर्भांना मजकुरातील क्रमानुसार आकडे देण्याची पद्धत स्वीकारली.

पद्धती अनेक असल्या तरी त्यांचा हेतू एकच. एक उदाहरण घेऊ. रामन परिणामाविषयीचा एक सुप्रसिद्ध संदर्भ असा लिहिता येईल: रामन, सी. व्ही., व कृष्णन, के. एस. (१९२८), ‘ए न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन’, नेचर, १२१, ५०१. एका ओळीचाच हा मजकूर. परंतु कोणी लिहिले, केव्हा लिहिले, काय लिहिले, कोठे छापले, कितव्या खंडात व कितव्या पृष्ठावर, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. ही ओळ हाती घेऊन गुवाहाटीचा विद्यार्थी असो वा ग्लासगोचा, त्याच पृष्ठावर पोहोचतो आणि रामन यांचे म्हणणे स्वतः वाचून पाहतो.

यातील एखादे अक्षर गाळले तर काय बिघडते? या संदर्भातील ‘के. एस.’ ही आद्याक्षरेच पाहा. रामन यांच्याबरोबर काम केलेले आणखी एक कृष्णन होते. ते आर. एस. कृष्णन, हिऱ्याच्या वर्णपटावरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. आद्याक्षरे गाळताच दोन माणसांचे आयुष्यभराचे काम एकमेकांत मिसळून जाते. ज्याचे श्रम त्याच्या पदरी पडावेत, हा न्याय दोन अक्षरांवर अवलंबून असतो.

हे नियम निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ‘आधी आडनाव’ हा दंडक मुळात पाश्चात्त्य नावांसाठी केलेला. मराठी वाचकास ‘रामन’ हे आडनाव वाटते. वस्तुतः चंद्रशेखर हे त्यांच्या वडिलांचे नाव, आणि वेंकटरामन या त्यांच्या स्वतःच्या नावाचे दोन तुकडे होऊन ‘व्ही. रामन’ झाले. साच्यात बसविताना नावाची अशी ओढाताण होते खरी. पण सर्वांनी एकाच अक्षराखाली शोधावयाचे ठरविले असल्याने ग्रंथालयात घोटाळा होत नाही. निरनिराळ्या नियतकालिकांसाठी तोच निबंध पुनःपुन्हा नव्या साच्यात घालावा लागतो, ही तक्रारही रास्तच आहे. म्हणूनच काही प्रकाशक आता प्रथम कोणत्याही एका सुसंगत पद्धतीतील निबंध स्वीकारतात. हा सुधार स्वागतार्ह होय.

स्वल्पविराम व कंस जागच्या जागी बसविण्याचे काम आज संगणक करतो. परंतु येथेच एक नवा धोका उभा राहिला आहे. मजकूर रचून देणारी आधुनिक यंत्रे कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचा संदर्भ नाव, वर्ष, खंड व पृष्ठ यांसह हुबेहूब साच्यात घालून देतात. साचा निर्दोष, आणि त्या पृष्ठावर गेल्यास हाती काहीच नाही! संदर्भ देणे म्हणजे ‘हे मी स्वतः पाहिले आहे, तुम्हीही पाहू शकता’ असे वाचकास दिलेले वचन होय. साचा यंत्राने भरावा. वचन मात्र लेखकानेच पाळले पाहिजे.

या बाबतीत आम्हा अनुवादकांकडेही दोष येतो. सामान्य वाचकास अडखळल्यासारखे होईल म्हणून मूळ ग्रंथातील संदर्भसूची गाळण्याचा मोह होतो. मीही पूर्वी तसे केले आहे. एकदा एका वाचनालयातील विद्यार्थ्याने माझ्याच अनुवादातील एका विधानाचा आधार विचारला, तेव्हा तो मलाही चटकन सांगता आला नाही. ‘एका शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे’ एवढ्यावर त्याने समाधान मानावे, असे सांगणे म्हणजे त्यास विज्ञानाऐवजी श्रद्धा शिकविणे होय.

म्हणून मराठीतील प्रत्येक विज्ञानपुस्तकाने आपले आधार नमूद करावेत, आणि शालेय प्रकल्पाच्या अखेरीस विद्यार्थ्याने निदान पाच गोष्टी लिहाव्यात: लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशनस्थान आणि पृष्ठ. पद्धत कोणतीही असो, ती आरंभापासून अखेरपर्यंत एकच असावी. शिक्षकांनी अशा सूचीतील एक तरी संदर्भ ग्रंथालयात जाऊन वर्गासमक्ष पडताळून पाहावा. तो जागेवर सापडला, की ही शिस्त कशासाठी हे विद्यार्थ्यांस निराळे सांगावे लागणार नाही.