खोडू नका, नोंदवा

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये काम ड्रॉइंगवरून चालते. आता ही ड्रॉइंग ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात, त्यामुळे माप बदलणे सोपे झाले. धोकाही इथेच आहे. कागदावर खोडल्याची खूण तरी राही. संगणकावर जुने माप मागमूस न ठेवता जाते. भोकाचा व्यास २२ वरून २० मिलिमीटर केला आणि कारागिराच्या हाती जुनीच प्रिंट राहिली, तर झालेले काम वाया जाते.

म्हणून बदललेल्या भागाभोवती ढगाच्या आकाराची रेघ काढतात, शेजारी त्रिकोणात क्रमांक किंवा अक्षर देतात आणि कोपऱ्यातील तक्त्यात काय बदलले, कधी व कोणाच्या मंजुरीने, हे लिहितात.

अर्थात सही म्हणजे तपासणी नव्हे. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलातील टांगते पादमार्ग कोसळून ११४ माणसे दगावली. एका सलग सळईऐवजी दोन सळया वापरण्याचा बदल ड्रॉइंगमध्ये होता, त्याला मंजुरीही मिळाली होती. पण त्यामुळे जोडावरचा भार दुप्पट होतो, हे गणित कोणी मांडले नाही.

ही शिस्त शाळेतच लागावी. भूमितीच्या वहीतील चुकलेली आकृती पुसू नये. शेजारी दुरुस्ती, तारीख आणि कारण लिहावे. अशी वही पाहून पालकांनी रागावू नये, शिक्षकांनी गुण कापू नयेत. विश्वस्त मंडळानेही संगणक वर्गात या तक्त्याला जागा द्यावी. बदल लपवणारी स्वच्छ वही काय कामाची?