घारे, काळे आणि डबीतले डोळे

लग्नाच्या खरेदीच्या यादीत शालू, हिरवा चुडा, मुंडावळ्या अशा ओळी आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो. आता त्या यादीत आणखी एक ओळ दिसू लागली आहे – रंगीत लेन्स. ओळखीच्या दोन-तीन घरांत यावरून चांगलीच जुंपली. आयांचं म्हणणं "कशाला ही नसती थेरं?", तर मुलींचं "एका दिवसाची तर हौस आहे!" पुतण्याच्या मुलीने मलाही विचारलं, "आजी, मला राखाडी शोभेल का गं?"

मी हौसेच्या विरोधात मुळीच नाही. आम्ही काजळ घालतच होतो की! पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. त्याच्याकडे येण्याआधी सोपा भाग उरकून घेते.

लेन्सचा रंग ठरवण्याआधी आपल्या बुबुळाचा रंग नीट पाहावा, तोही खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. आपण ज्यांना काळे म्हणतो ते डोळे बहुतेक वेळा गडद तपकिरी असतात. अशा बुबुळावर पारदर्शक रंगाची लेन्स म्हणजे काळ्या फळ्यावर पातळ शाई. काही दिसायचंच नाही. ती फिकट डोळ्यांसाठी असते, त्यांचा मूळ रंग जरा खुलवते. गडद डोळ्यांना ठिपक्यांची नक्षी छापलेली अपारदर्शक लेन्स लागते. त्यातही मधासारखा किंवा बदामी रंग, म्हणजे आपल्या रंगाहून एक-दोन पायऱ्याच उजळ, घेतला तर तो चेहऱ्यात मिसळतो. केस काळे, भुवया काळ्या आणि मध्येच फिकट राखाडी डोळे, हे मला तरी उसनं आणल्यासारखं वाटतं. लेन्सच्या कडेला गडद रेघ असेल तर ती अधिक खरी दिसते, कारण खऱ्या बुबुळालाही बहुधा तशी कड असते.

निळ्याची तर गंमतच आहे. खऱ्या निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य नसतंच! तिथे तपकिरी रंगद्रव्य फार कमी असतं आणि प्रकाश विखुरल्यामुळे निळाई दिसते, साधारण आकाशासारखीच. तो प्रकाशाचा खेळ छापील ठिपक्यांना कसा साधणार?

आणखी एक. या लेन्सच्या मधोमध पाहण्यासाठी ठरावीक मापाची मोकळी जागा असते. आपली बाहुली मात्र उजेडात आकसते आणि अंधारात मोठी होते. म्हणून रात्रीच्या मंद दिव्यांत रंगाची कड नजरेच्या आड येऊन धूसर दिसू शकतं.

आता तो दुसरा प्रश्न. राखाडीच का? काळ्यात काय कमी आहे?

आम्ही कोकणस्थ. माझी थोरली बहीण घारी, मी काळ्या डोळ्यांची. घरी पाहुणे आले की कौतुकाने म्हणायचे, "थोरली घारी आहे हो!" मग माझ्याकडे वळून, "आणि ही हुशार आहे." त्या 'आणि'मध्ये काय काय असतं ते घाऱ्या मुलींच्या काळ्या डोळ्यांच्या बहिणींना विचारा. गंमत अशी की त्याच डोळ्यांपायी शाळेत पोरं ताईला 'मांजरी' म्हणून चिडवत आणि ती रडत घरी येई. डोळे तेच. घरात दागिना, शाळेत चेष्टा. म्हणजे उणं-अधिक डोळ्यांत नव्हतं, पाहणाऱ्यांत होतं.

मी मराठी शिकवलं, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. आपण डोळ्यांची तारीफ कशी करतो पाहा – टपोरे, पाणीदार, बोलके, हसरे. यांतला एकही शब्द रंगाचा नाही! इतकी वर्षं वर्गात उभी राहिले. "समजलं का?" म्हटलं की सगळी मुलं एका सुरात "हो बाई" म्हणायची. खरं उत्तर डोळे द्यायचे. ते काळे होते की पिंगट, एकाचंही आज आठवत नाही. कळल्यावर त्यांत येणारी चमक मात्र लख्ख आठवते.

आणि 'पाणीदार' हा शब्द शब्दशः खरा आहे बरं का. डोळ्यांची चकाकी त्यांच्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरामुळे असते. तासन् तास लेन्स घातली की तोच थर सुकू लागतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो. त्यावर लेन्स, वर होमाचा धूर, शेवटी पाठवणीचं रडणं... बिचारे डोळे! निदान होमाच्या वेळी तरी लेन्स नको, असं मी त्या मुलीला सांगितलं आहे.

नंबर नसला तरी लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावी, कारण बुबुळाच्या गोलाईचं माप जुळावं लागतं. अमेरिकेत २००५ सालच्या कायद्यापासून नुसत्या शोभेच्या लेन्सनाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ते उगीच नाही. नळाच्या पाण्याने धुवू नये, घालून झोपू नये, मैत्रिणीची तर मुळीच घालू नये. डोळा लाल झाला, दुखला, की ताबडतोब काढून डॉक्टर गाठावेत.

एवढं सांभाळून हौस जरूर करावी. साडीचा रंग निवडतो तसा लेन्सचाही निवडावा, आवडला म्हणून. पण "माझे डोळे साधेच आहेत" म्हणून जी मुलगी डबी उघडते, तिला कुठलाच रंग पुरणार नाही. तिला 'साधे' हा शब्द कुणीतरी दिलेला असतो. तो घरातल्या थोरांनीच परत घ्यायला हवा, असं मला वाटतं.

तुमच्या घरी काय म्हणतात? काळ्या डोळ्यांच्या धाकट्या बहिणींनी तर जरूर कळवा!